श्वासाच्या रकान्यात सगळीकडे २०

मी विदर्भातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. २०२१ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, वार्षिक पद्धत जाऊन सेमिस्टर आलं आणि दुसऱ्या सेमिस्टरला एक नवीन पेपर आला, हेल्थ नर्सिंग इन्फर्मेटिक्स अँड टेक्नॉलॉजी. ४० तास थिअरी, ४० तास लॅब. आमच्या वेळी फर्स्ट इयरला कॉम्प्युटरची ओळख असा एक विषय असायचा, त्यात सीपीयूची आकृती काढायची आणि वर्डमध्ये अर्ज टाइप करायचा, झालं. हा पेपर तसा नव्हता हे सिलॅबस वाचूनच कळत होतं, कारण त्यात पेशंट सेफ्टी होती, इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड होतं, स्टँडर्ड्स होते, कायदा आणि एथिक्स होतं, टेलीहेल्थ होतं. टाइमटेबल लागताना प्रिन्सिपल मॅम म्हणाल्या, तू घे, कोविडमध्ये पोर्टलवर बसली होतीस ना. तिथून सुरू झालं. आता तीन बॅचेस झाल्यात, कोणी हाच विषय शिकवायला घेत असेल तर कामाला येईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

पहिला महिना मी चुकीचा घालवला. डेटा म्हणजे काय, इन्फर्मेशन म्हणजे काय, नॉलेज म्हणजे काय, मग विस्डम, हा जिना फळ्यावर काढला, व्याख्या सांगितल्या, मुलींनी उतरवून घेतल्या. नर्सिंग इन्फर्मेटिक्सला अमेरिकेत १९९२ ला स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली, लिहा. स्नोमेड सीटी, म्हणजे आजार-लक्षणांच्या ठरावीक संज्ञांची यादी, लिहा. मुली लिहीत होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या. एक दिवस मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि खरंच कळून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, मॅम, हे वॉर्डात नेमकं कधी लागतं? मी उत्तर दिलं काहीतरी, भविष्यात सगळं डिजिटल होणार आहे वगैरे, पण माझं मलाच पटलं नाही. घरी जाताना बसमध्ये तोच विचार, की मला स्वतःला हे कधी लागलं होतं?

आणि मला २०२१ चा उन्हाळा आठवला. लसीकरण केंद्रावर ड्युटी होती. गर्दी आवरायची म्हणून आमच्याकडे असं सुरू झालं होतं की सकाळी यादीतल्या नावांवर कोविनमध्ये लस दिली अशी खूण आधीच करत सुटायचं, म्हणजे टोचणाऱ्या सिस्टरचा वेळ वाचतो. खुणा करणाऱ्यांत मीही होते. एका दुपारी डोस संपले, रांगेतल्या लोकांना उद्या या म्हणून परत पाठवलं, आणि संध्याकाळी त्यातल्या काहींना तुम्हाला लस मिळाली असा मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी एक काकू मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभ्या. म्हणाल्या, बाई, मला सुई टोचलीच नाही अन् हा म्हणतो टोचली. सिस्टीमच्या लेखी त्यांचा पहिला डोस झालेला होता, त्यामुळे पहिला डोस द्यायचा म्हटलं तर नाव येईना. फोन केले, वर कळवलं, त्या काकू किती हेलपाटे घालत होत्या ते मी बघत होते. अशा तक्रारी देशभरातून आल्या म्हणून मे २०२१ मध्ये कोविनवर चार आकडी कोड आणला, ऑनलाइन बुकिंग केलेल्या माणसाने आपला कोड सांगितला तरच लस दिल्याची नोंद होणार. म्हणजे आमच्या एका टिकमुळे काय होतं ते कळल्यावर अख्ख्या देशाच्या सिस्टीमला कुलूप बसवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडलंच नाही, ही गोष्ट सांगितली. मुली पहिल्यांदा वर बघून ऐकत होत्या. आणि मला माझा विषय सापडला असं वाटलं. कॉम्प्युटर हा यातला शेवटचा भाग आहे. आधी डोळ्यांनी काय बघितलं, हाताला काय लागलं, ते जसंच्या तसं पुढच्या माणसापर्यंत पोचतंय का, हे आहे इन्फर्मेटिक्स. मग तो पुढचा माणूस नाइटची सिस्टर असो, तालुक्याचा डॉक्टर असो की दोन वर्षांनी तीच फाइल उघडणारा कोणी असो.

म्हणून पहिलं प्रॅक्टिकल लॅबमध्ये घेतलंच नाही, वॉर्डात घेतलं. दुसऱ्या सेमिस्टरच्या मुलींना टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायला आलेलं असतं, नर्सिंग फाउंडेशनचं वॉर्डातलं पोस्टिंग चालू असतं. परवानगी काढली आणि सांगितलं की मेडिकल वॉर्डातल्या टीपीआर चार्टवरून फक्त श्वासाचा रकाना उतरवा, पेशंटचं नाव नाही, आयपीडी नंबर नाही, बेड नंबर नाही, फक्त आकडे. वर्गात आल्यावर फळ्यावर मांडले. २०, २०, २०, १८, २०, २०, २०. विषम आकडा शोधून सापडेना. वीस-बावीस वर्षांचा पोरगा असो, दम लागून टेकून बसलेले आजोबा असोत, सगळे मिनिटाला वीस वेळाच श्वास घेत होते. मुली आधी हसल्या, मग गप्प झाल्या, कारण त्यांच्यातल्या निम्म्याजणींनी स्वतःच मागच्या आठवड्यात तसंच लिहिलं होतं.

मग त्यांना परत वॉर्डात नेलं, या वेळी घड्याळ घेऊन, पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. नाडी बघतोय असा हात मनगटावर तसाच ठेवायचा आणि छातीकडे बघत श्वास मोजायचे, कारण पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. हे आम्हाला आमच्या जुन्या ट्यूटर सिस्टरनी शिकवलं होतं, मी तेच शिकवलं. आकडे आले १६, २३, १९, १४, २८. एकाच वॉर्डात, एकाच सकाळी.

आता यात कॉम्प्युटर कुठे येतो ते बघा. ब्रिटनमध्ये न्यूज नावाचा स्कोअर वापरतात, नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, २०१२ ला आला आणि २०१७ ला त्याची दुसरी आवृत्ती आली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण, आणि बेरीज वाढली की पेशंट बिघडतोय असं समजून डॉक्टरला बोलवायचं. ही बेरीज आता बऱ्याच ठिकाणी मशीनच करतं. त्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण. २१ ते २४ ला दोन, २५ किंवा त्याच्या वर तीन, आणि एकाच गोष्टीला तीन आले तरी तातडीने बघायचं. मी हे फळ्यावर लिहिलं आणि थांबले. एका मुलीने स्वतःच म्हटलं, मॅम, म्हणजे आपण वीस लिहिलं की मशीन गप्पच बसणार. हो. वीस हा शून्याचा अगदी शेवटचा आकडा. २८ वाल्या पेशंटला तुम्ही २० लिहिलंत तर कितीही महागाची सिस्टीम आणा, ती म्हणणार सगळं ठीक आहे. आजकाल मुली एआयचं विचारतात, एआय नर्सचं काम घेईल का, एआय आधीच सांगेल का. मी त्यांना हाच रकाना दाखवते. एआय याच रकान्यांवरून शिकणार आहे.

इथे एक गोष्ट मला मुलींना नीट सांगावी लागली. त्यांना वाटायला लागलं की सीनियर सिस्टर खोटं लिहितात. मी म्हटलं, असं बोलायचं नाही. नाइटला चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर, त्यात एक अॅडमिशन, एक पेशंट ऑक्सिजनवर, नातेवाईक भांडतायत, आणि प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायचा म्हटलं तर चाळीस मिनिटं नुसती त्यातच जाणार. वर तोच आकडा चार्टवर, तोच पुढच्या शिफ्टला द्यायच्या ओव्हर बुकमध्ये, आणि जिथे कॉम्प्युटर आलाय तिथे परत तोच कॉम्प्युटरमध्ये. वही बंद न करता कॉम्प्युटर आणला की सिस्टरचं काम दुप्पट होतं आणि दुप्पट कामात सगळ्यात आधी मोजणं जातं, लिहिणं राहतं. हे मला फार मनापासून वाटतं आणि मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते, की नोंद एकदाच व्हायला पाहिजे आणि ती बेडजवळ व्हायला पाहिजे. उपकेंद्रात जाऊन बघा, एएनएम ताईंकडे, म्हणजे तिथल्या नर्सताईंकडे, गरोदर बायांचं ॲप वेगळं, लसीकरणाचं वेगळं, बीपी-शुगरच्या तपासणीचं वेगळं, टीबीचं निक्षय वेगळं, साथीच्या आजारांचं वेगळं, आणि कपाटात रजिस्टरं आहेतच.

दुसरं मोठं प्रॅक्टिकल होतं नावांचं. आमच्या लॅबमध्ये विद्यार्थी जास्त आणि चालू कॉम्प्युटर कमी, म्हणून मी वर्गालाच हॉस्पिटल केलं. बाकं लावली, एक बाक नोंदणी, एक ओपीडी, एक लॅब, एक फार्मसी, एक वॉर्ड. प्रत्येक बाकावर एक वही. मी तीस खोटे पेशंट चिठ्ठ्यांवर लिहून आणले, आणि मुद्दाम त्यात एक सुनीता राठोड ५२ वर्षांची शुगरची आणि एक सुनीता राठोड ३४ वर्षांची गरोदर अशा दोघी घातल्या. कुणालाही काही सांगितलं नाही. तासाभराने वॉर्डच्या बाकावर गरोदर सुनीताच्या नावावर शुगरच्या गोळ्या लागल्या होत्या. कोणी चूक केली शोधायला लागलो तर एकाही बाकावर कोणी चुकलं नव्हतं, प्रत्येकीने समोर आलेलं नाव बरोबरच लिहिलं होतं. चूक बाकांच्या मधल्या जागेत झाली होती, नाव सोडून दुसरं काहीच पुढे सरकत नव्हतं तिथे.

मग तेच एक्सेलमध्ये केलं, इंग्रजीत नावं टाकायला लावली. वानखेडे कोणी व्ही ने लिहिलं, कोणी डब्ल्यू ने. ज्योतीचा शेवट कोणी आय ने केला कोणी वाय ने. एकाने नवऱ्याचं नाव मधे टाकलं, एकाने वडिलांचं, लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव आधारवर आणि सासरचं केस पेपरवर. सर्च केलं की माणूस सापडतच नाही, मग नोंदणीवाला नवीन नोंद करतो, झाले एकाचे दोन. म्हटलं बरं, जन्मतारीख लावून बघा. तर जुन्या माणसांची आधारवरची तारीख १ जानेवारी, आणि शाळेच्या दाखल्यावरून आलेली असली तर १ जून, आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मुलींनी आपापल्या आजी-आजोबांच्या तारखा सांगायला सुरुवात केली, वर्गात नुसता गोंधळ. त्या गोंधळातच आभा नंबर, म्हणजे माणसाचा डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक, १४ आकड्यांचा का असतो, एका माणसाला एकच नंबर का लागतो, हे मला शिकवावंच लागलं नाही, त्यांनीच सांगितलं. हा नंबर ज्यातून मिळतो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, त्याचे स्लाइड मी आधी दोन तास दाखवले होते, ते कोणाच्या लक्षात नव्हते. राठोडबाई मात्र अजून सगळ्यांच्या लक्षात आहेत, आता थर्ड इयरला गेलेल्या मुलीसुद्धा औषध देताना म्हणतात, मॅम, राठोड चेक केलं.

आभावरून ओटीपीचा मुद्दा निघाला आणि तो सगळ्यात अवघड निघाला. कम्युनिटी पोस्टिंगला मुली आशाताईंबरोबर घरोघरी गेल्या, आभा काढायला मदत करायची होती. एका घरी एक आजोबा म्हणाले, बँकवाला सांगतो ओटीपी कोणाला देऊ नका, पोलीस सांगतात देऊ नका, अन् तुम्ही दारात येऊन ओटीपी मागता. बरोबरच होतं त्यांचं. मुलगी गडबडली आणि म्हणाली, आजोबा सरकारी आहे, द्या. संध्याकाळी आम्ही त्यावर अख्खा तास बोललो. सरकारी आहे द्या हे उत्तर नाहीये. हा नंबर कशासाठी आहे, काढला तर काय सोय होईल, तुमचे कागद कोणाला दाखवायचे ते तुमच्या परवानगीने होतं, आणि नको असेल तर नाही काढला तरी चालेल, उपचार थांबत नाहीत, एवढं सांगता आलं पाहिजे आणि मग त्यांनी नाही म्हटलं तर हसून पाणी पिऊन निघता आलं पाहिजे. आम्ही ते मराठीत बसवलं, चार-पाच वाक्यात, एकमेकींवर म्हणून बघितलं. कन्सेंट हा शब्द परीक्षेत सगळ्यांना येतो, पण दारात उभं राहून तो आपल्या भाषेत बोलायची प्रॅक्टिस कोणी देत नाही. टार्गेट असतं, आकडा गाठायचा असतो, हे मला माहीत आहे, तरी विद्यार्थी असताना एकदा तरी ते नीट करून बघितलेलं असलं पाहिजे.

उपकेंद्राची भेट सांगते. तिथे सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, मॅडम होत्या, स्वतः बीएस्सी नर्सिंग करून सहा महिन्यांचा कोर्स करून लागलेल्या, त्यामुळे मुलींना त्यांच्यात आपलं पुढचं रूप दिसत होतं. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी टेलीमेडिसिनवर, व्हिडिओ कॉलने डॉक्टरांना पेशंट दाखवायचा होता. हे सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवलेलं आहे, उपकेंद्र हे टोक आणि दुसऱ्या टोकाला हबमध्ये डॉक्टर. पेशंट एक साठीच्या आजी, पायाला सूज. मॅडमनी बीपी, शुगर, वजन घेतलं, लिहिलं, कॉल लावला, रेंज जात होती येत होती. डॉक्टरांनी तिकडून विचारलं, सूज दाबल्यावर खड्डा पडतो का, दोन्ही पायांना आहे का, कुठपर्यंत? मॅडमनी आमच्या एका मुलीला पुढे केलं. ती स्क्रीनकडे बघून बोलायला लागली, आणि आजी तिच्या समोर बसलेल्या. आजी म्हणाल्या, माह्याकडं पाह्य ना वं बाई, त्या डब्ब्यात काय पाहून रायली.

ती मुलगी थांबली, खाली बसली, आजींचा पाय मांडीवर घेतला, नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला, खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं, दुसरा पाय घेतला, आणि तशीच बसून मोठ्याने सांगितलं, सर, दोन्ही पायांना, घोट्याच्या वर चार बोटं, खड्डा पडतोय आणि लगेच भरत नाहीये, रात्री झोपताना दोन उशा लागतात म्हणतात. दोन उशांचं कोणी विचारलंच नव्हतं, ते आजींनी तिला पाय दाबताना सांगितलं होतं. तिकडून डॉक्टरांचा आवाजच बदलला, पुढचे प्रश्न हार्टचे आले, आणि आजींना तालुक्याला पाठवायचं ठरलं. येताना गाडीत मी मुलींना एवढंच विचारलं की आज डॉक्टरांचे हात कोण होतं. टेलीमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, ती मी शिकवतेच, आरोग्यसेवक मधे असेल तर त्याची जबाबदारी काय तेही त्यात आहे. पण आजींचा पाय मांडीवर घेतल्यावर ते कलम कोणालाही पाठ करावं लागलं नाही. त्यानंतर आमच्या रोल प्लेमध्ये एक नियम आहे, टेबल असं फिरवायचं की स्क्रीन पेशंटलाही दिसेल, आणि टाइप करायच्या आधी सांगायचं, आजी, मी हे लिहितेय.

मुलींचे फोन हा वेगळाच विषय. एका बॅचला माझ्या लक्षात आलं की ड्रेसिंगच्या जखमेचा फोटो आमच्याच एका ग्रुपवर आलाय, अभ्यासासाठी म्हणून, हेतू वाईट नव्हता, पण मागे बेडच्या पाटीवर नाव दिसत होतं. मी ओरडले नाही. मी तो फोटो वर्गात न दाखवता फक्त सांगितलं की त्यात काय काय दिसत होतं, आणि विचारलं की ती बाई तुझ्या गावची असती तर? तुझी काकू असती तर? डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा ज्यात गुप्तता स्पष्ट लिहिलेली आहे, हे त्यानंतर आलं. मी त्यांना अशा बाईची गोष्ट करून सांगते जी सासरी न सांगता तपासणीला आलीय आणि जिचा रिपोर्टचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर जातो, कारण नोंदणीच्या खिडकीवर कोणीतरी घरातला नंबर म्हणून तोच टाकलाय. मोबाईल नंबर कोणाचा आहे हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. आपल्या घरांमध्ये एक फोन पाच माणसांचा असतो, हे पुस्तकात नाही, कारण पुस्तकं दुसरीकडे लिहिलेली असतात.

पासवर्डचंही तसंच. एक लॉगिन, चिठ्ठीवर लिहून काचेखाली, तिन्ही शिफ्टला तेच, असं मी नोकरीत बघितलंय आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, वेळ वाचतो म्हणून चालतं. मुलींना मी एवढंच दाखवते की इंजेक्शन कोणी दिलं याच्यापुढे सिस्टीममध्ये ज्याचं लॉगिन त्याचंच नाव येणार, मग ती त्या दिवशी सुट्टीवर का असेना. चार्टवर सही दुसऱ्याच्या नावाने करशील का म्हटलं तर सगळ्या नाही म्हणतात. पासवर्ड म्हणजे सहीच आहे हे एकदा कळलं की पुरतं.

दर वर्षी लॅम्प लायटिंग होतं, पांढऱ्या गणवेशात मुली दिवा हातात घेऊन शपथ घेतात, आईवडील आलेले असतात, मला अजूनही त्या दिवशी भरून येतं. पण तीन वर्षांपासून मी त्याच आठवड्यात वर्गात दिवेवाल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची दुसरी बाजू शिकवते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मरत होते हे त्यांनी आकडे गोळा करून, महिन्यामहिन्याच्या पाकळ्यांच्या आकृतीत मांडून १८५८ मध्ये दाखवलं, आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत निवडून आलेल्या त्या पहिल्या बाई. मी मुलींना त्या आकृतीच्या पाकळ्या कागदावर काढायला लावते, एक्सेलमध्ये नाही, हाताने, रंग भरून. दिवा सगळ्यांना माहीत असतो. तो घेऊन रात्री फिरणारी बाई सकाळी मोजायलाही बसत होती हे माहीत नसतं, आणि माझ्या मते नर्सने आकड्याला घाबरू नये यासाठी एवढं एक उदाहरण पुरे आहे.

सगळं जमलं असं नाही. लॅबचे ४० तास मला कधीच पूर्ण मिळाले नाहीत, कधी वीज नाही कधी मशीन नाही. सरावासाठी खऱ्या सॉफ्टवेअरची डमी कॉपी मिळावी म्हणून खूप प्रयत्न केले, मिळाली नाही, म्हणून मुली अजूनही एक्सेलवर आणि माझ्या छापलेल्या फॉर्मवर शिकतात. त्याचं मला आता तेवढं वाईट वाटत नाही, कारण पहिल्या बॅचला मी ज्या स्क्रीनचे फोटो दाखवले होते त्यातल्या काही स्क्रीन आत्ताच बदलल्यात. कोणतं बटन कुठे हे त्या नोकरीत आठवड्यात शिकतील. वाईट याचं वाटतं की हा पेपर दुसऱ्या सेमिस्टरला संपतो आणि मग मेडिकल सर्जिकलला, चाइल्ड हेल्थला, मिडवाइफरीला कोणी त्याचं नाव घेत नाही. म्हणून मी स्टाफरूममध्ये एकेकीच्या मागे लागले. मिडवाइफरीच्या मॅडम तयार झाल्या, त्या आता पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या कळांच्या प्रगतीचा तक्ता, शिकवताना वेळ आणि नोंद यातलं अंतर तपासतात, चार वाजताची एन्ट्री चारला केली की सहाला आठवून केली. चाइल्ड हेल्थवाल्या मॅडम वजन मागच्या पानावरून उतरवू देत नाहीत, कारण लहान मुलांचा डोस वजनावर. बाकीच्या म्हणतात पोर्शन संपत नाही, त्यांचंही खरं आहे.

मागच्या पोस्टिंगचं सांगते. संध्याकाळची वेळ, मुलींना घ्यायला बस लागलेली, सगळ्या एप्रन काढून खाली गेलेल्या, एक मुलगी येईना म्हणून मी वर मेडिकल वॉर्डात गेले. ती एका पेशंटजवळ उभी, हात त्याच्या मनगटावर, नजर छातीवर, दुसऱ्या हातात घड्याळ. मला बघून म्हणाली, मॅम, एकच मिनिट, ३१ आले, परत मोजतेय. मी थांबले. दुसऱ्यांदा ३० आले. ती सिस्टरकडे गेली, सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवर होत्या, त्यांनी ट्रॉली तिथेच सोडली, बेडजवळ येऊन स्वतः बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावला. मुलीने चार्ट उघडला, वेळ लिहिली, ३० लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि स्टुडंट असं लिहिलं. त्याच्या वर सकाळच्या आणि दुपारच्या नोंदी होत्या. २०, २०, २०.